पाहुण्याच्या गाडीला वंगण

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. मोटार विकणाऱ्या दलालाने नाही, सासऱ्यांनी. दलालाने मला फसवलं असं मी त्या वेळी दापोडीपासून चाकणपर्यंत ओरडत फिरलो, त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याच्याकडून दोन वस्तू फुकट उकळून आणल्या. पुढे तो कुठेही दिसला की मला चोर म्हणायचा. त्याचं तेही बोलणं मी सासऱ्यांमुळे खाल्लं.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. त्याआधी मी चाकणच्या बाजारातला कांदा-बटाटा बैलगाडीतून पुण्याला नेत होतो. माळावर पहिली चुन्याची फक्की पडलेली पाहिली तेव्हाच मला कळलं की आता कांद्यापेक्षा विटेला भाव येणार. मी वीट धरली, मग वाळू, मग मुरूम. मला कुणी हात दिला नाही. दिला असता तर मी आधी त्या हातात काय आहे ते बघितलं असतं.

दोन-तीन ठेके चांगले गेल्यावर मी मोटार घेतली. इंग्रजी बनावटीची, काळी, पाठ कासवासारखी. घासाघीस करताना मी दलालाच्या दुकानातून रागाने उठून गेलो, परत आलो, पुन्हा उठून गेलो. शेवटच्या वेळी त्याने मला हाक मारली नाही, म्हणून टोपी विसरल्याचं निमित्त करून मलाच परत जावं लागलं. तेव्हा त्याने ब्रेक दाबून दाखवला. एकदा दाबला, पुन्हा दाबला.

"दोनदा का?" मी विचारलं.

"खानदानी गाडी आहे, शेठ. पहिल्यांदा ऐकते, दुसऱ्यांदा मानते."

एवढंच तो बोलला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच वाक्यावर मी त्याला फासावर चढवला.

आता मोटार आली कशातून, तेही सांगतो, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. लग्नात सासऱ्यांनी मला आंदण म्हणून खिलार बैलांची जोडी दिली होती. सासरे चाकणच्या पलीकडच्या गावचे, बैलगाडा शर्यतीतले नावाजलेले. जत्रेत त्यांचा गाडा घाटाच्या चढावर सुटला की लोक टोप्या उडवायचे. ती जोडी त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली. मी ती विकली, आणि वीट धरली ती त्याच पैशांवर. मला विटा वाहायच्या होत्या, शर्यत जिंकायची नव्हती. त्या दिवसापासून सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलायचे, पण त्यांच्या दावणीच्या पांढऱ्या बैलाशी. मी अंगणात उभा असलो की बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "इचार त्याला, जेवला का." मी बैलाकडे बघून म्हणायचो, "जेवलो म्हणावं, मामा." माझ्या घराचा उंबरा मात्र त्यांनी ओलांडला नव्हता.

मोटार घेऊन पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा सगळं गाव अंगणात जमलं. मी बॉनेट उघडलं, दिवे लावले, भोंगा वाजवला. सासरे गाडीभोवती दोन चकरा मारून बैलाला म्हणाले, "हिची येसण कुठं हाय, इचार."

मला हेच हवं होतं. मी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली, फळीतलं झाकण काढलं आणि खालची लोखंडी डबी दाखवली. "ही येसण. हिच्यात तेल असतं. मी पायाने दाबलं की इथून तेल नळीतून चारी चाकांकडे पळतं आणि चाकं धरतं."

"आन् तेल सरलं तर?" ते अबोला विसरून थेट मलाच म्हणाले.

"तर गाडी थांबत नाही."

सासऱ्यांनी डबीत डोकावून पाहिलं. आतलं तेल काठापेक्षा बरंच खाली होतं. त्यांनी तोंड वाकडं केलं, भरल्या घरात रिकामा रांजण दिसावा तसं.

त्यांच्या घरची एक रीत होती. दारी आलेल्या पाहुण्याची बैलगाडी वंगण घातल्याशिवाय परत जाऊ द्यायची नाही. पाहुणा जेवत असला की घरातलं कुणीतरी बाहेर जाऊन आखाला तेल घालून येणार. भांडून निघालेल्या पाहुण्यालाही हे चुकत नसे. उलट त्याच्या गाडीला जास्त घालत, म्हणजे जाताना ती कुरकुरत नाही आणि गावाला कळत नाही. मला ही रीत ठाऊक होती. मोटारीशी मात्र मी तिचा संबंध जोडला नाही. कोण जोडेल?

त्यानंतर काही दिवस गाडी ठीक चालली. मग जत्रा आली. बायकोला घेऊन मी सासुरवाडीला निघालो. माझी बायको म्हणजे त्या घाटवाल्याचीच लेक. भीती तिला ठाऊक नाही, आणि हसू लागली की थांबत नाही. भोसरी मागे पडेपर्यंत गाडी जड जड वाटायला लागली. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मी पेट्रोल विकणाऱ्याला शिव्या दिल्या. मोशीच्या पुढे जळका वास यायला लागला. मी पेट्रोलवाल्याच्या बापालाही त्यात घेतलं. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे उतरून चाकावर पाणी मारलं, तर चुर्र करून वाफ आली.

"ताप भरलाय चाकाला," बायको म्हणाली. "पट्टी ठेवू का कपाळावर?"

"गप बस."

"बसलेच हाय. गाडीच बसायला लागलीय."

झाडाखाली भाकरी खाल्ली. तोवर चाकं निवली आणि गाडी पुन्हा मोकळी धावू लागली. वाटेत दोन-चारदा ब्रेकचा पाय हळूहळू खाली गेला, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. गाव दिसलं तसा मला जोर चढला. सासऱ्यांच्या घराकडे जाणारी वाट उताराची आहे. गावाने बघावं म्हणून मी भोंगा धरून ठेवला आणि अंगणाच्या तोंडाशी ब्रेक दाबला.

पाय खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला, मान ठेवेल म्हणून. तोही गेला. मग मी तो पाय असा मारत सुटलो की शिंप्याने शिवणयंत्र मारावं. कोंबड्या उडाल्या, पाण्याचं घंगाळ उडालं, आणि गाडी समोरच्या कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत शिरली. गंजीवर सासरे उभे होते, बैलांसाठी पेंढ्या खाली टाकत. पायाखालची गंजी हलली तसे ते पेंढीसकट घसरत आले आणि बॉनेटवर मांडी घालून बसले. काच मध्ये ठेवून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पेंढी त्यांच्या मांडीवर होती, तान्ह्या पोरासारखी.

बायको हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली, दार उघडून बाहेर पडली आणि घंगाळाजवळ बसून हसली.

सासरे बॉनेटवरून उतरले, धोतर झटकलं, लंगडत नाही ना हे दोन पावलं टाकून तपासलं आणि बैलाकडे गेले. "सांग त्याला. माझी लेक ह्या डब्यातनं परत जायाची न्हाई. चालत ने, बैलगाडीत ने. डब्यात न्हाई."

माझं डोकं आधीच तापलेलं. मीही बैलालाच म्हणालो, "सांग मामांना. नेईन तर ह्याच मोटारीतून नेईन. नाहीतर राहू दे इथेच."

बायकोचं हसू थांबलं. ती उभी राहिली, एकदा बापाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझं बी कुनी इचारा बैलाला." आणि आत निघून गेली.

तोंडातून गेलेला शब्द मी परत घेत नाही. माझा सगळा धंदा त्यावर उभा होता. सासरेही घेत नाहीत. तेव्हा आता एकच वाट उरली होती: त्या गाडीला थांबायला लावायचं. ती थांबली नाही तर माझी बायको माहेरी राहणार होती, आणि पिंपरीत माझ्या चुलीवर मी स्वतः केलेलं पिठलं मला स्वतःलाच खावं लागणार होतं.

एस.टी.ने मी दापोडीला गेलो. तिथे रेल्वेच्या रुळाजवळ एका उस्तादाचं गॅरेज होतं. गडगडाटी माणूस. हातात पाना आणि तोंडात पान, दोन्ही एकाच वेळी चालायचं. मी सगळं सांगितलं.

"पाय धपकन गेला, का हळूहळू?"

"आधी दोन-चारदा हळूहळू, मग धपकन."

"चाकाजवळ तेल सांडलेलं दिसलं?"

"कडबा सांडलेला दिसला."

"त्याआधी चाकं गरम झाली म्हणता. म्हणजे ब्रेक सुटत नव्हता, मग धरत नव्हता. पहिले रुसली, मग पळून गेली." त्याने पानाची पिंक टाकली. "मास्टर गेला असणार, शेठ. मास्टर सिलिंडर. तुम्ही डबी म्हणता ना, तिच्याच पोटातला नळा. पण बीमार समोर नाही तर मी दवा देत नाही. गावी येतो. मास्टर तुम्ही आणा, रबरं मी आणतो."

मास्टर आणा म्हटल्यावर मी कुठे जाणार? दलालाकडे. त्याच्या पायरीवर बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागलो: या, या, इथे मोटारी दोनदा दाबून विकतात, तिसऱ्यांदा सासरा अंगावर येतो. दलाल बाहेर आला. म्हणाला, "शेठ, देवाशप्पथ, गाडी ठीक होती. दोनदा दाबावं लागतं ते ब्रेकच्या पट्ट्या झिजल्यामुळे. चाकातला स्क्रू फिरवला की झालं. मास्टरचा त्यात काही संबंध नाही."

"मग माझा सासरा बॉनेटवर कसा आला?"

एक गिऱ्हाईक पायरीवरून परत फिरलं तसा दलाल आत गेला आणि कागदात गुंडाळलेला कोरा मास्टर सिलिंडर घेऊन आला. "घ्या आणि जा."

मी घेतला, पण लगेच गेलो नाही. त्याच्याकडून ब्रेकच्या तेलाचा एक डबाही काढला.

गावी पोचलो तेव्हा जत्रेची कुस्ती संपलेली. लोकांना दुसरी करमणूक हवीच होती. उस्तादाने कुणाकडे न बघता चारी चाकांमागे हात घालून पाहिलं. कोरडी. नळ्यांवरून बोटं फिरवली. कोरड्या. झाकण काढून डबी पाहिली.

"काठोकाठ भरलेली आहे," तो म्हणाला. "तेल गेलं नाही कुठेच. कुणीतरी पाय दाबून बसा."

मी पुढे झालो तेवढ्यात बायको घरातून आली आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बायामाणसांत कुजबूज झाली.

"ताई, सावकाश दाबा आणि धरून ठेवा. काय होतंय ते सांगा."

"जातोय," ती म्हणाली. "अजून जातोय. ओल्या भिंतीत खुंटी जावी तसा जातोय. टेकला."

"आता भराभर दाबा."

"आता ताठ झाला. नवरदेवावानी. धरून ठेवला की परत जातोय."

लोक हसले. उस्ताद उठला. "झालं. बाहेर थेंब नाही, आणि पाय खाली जातोय. म्हणजे तेल आतल्या आत मागे पळतंय. मास्टरमधला दट्ट्या पुढे तेल ढकलतो, त्याच्या तोंडाला रबर असतं. ते रबर धरत नाही."

गर्दीला काही कळलं नाही. सासऱ्यांना कळलं. ते बैलाला म्हणाले, "मोट फाटलीय म्हन की. बैल वडत्यात, पानी परत हिरीत."

"बरोबर बोललात, बाबा," उस्ताद म्हणाला.

"मी बैलाशी बोलतोय," सासरे म्हणाले.

उस्ताद पाने काढू लागला तसे सासरे मध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगणात काम करायचं तर आधी सौदा. आणि सौदा म्हणजे चाकणच्या बैलबाजारात होतो तसा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि त्याखाली माझी बोटं धरली. भोवतीच्यांना आकडा कळू नये म्हणून बाजारात अशी बोटं दाबून भाव करतात. इथे भाव कसला हे आम्हा दोघांनाच ठाऊक. शर्यतीच्या घाटावरून गाडी खाली आणायची आणि खालच्या रेषेच्या आत थांबवायची. थांबली तर लेक मोटारीतून जाईल. हे तोंडी. उपरण्याखालचं वेगळं: मोडलेल्या गंजीबद्दल आणि बॉनेटवर बसवल्याबद्दल भरपाई. त्यांनी माझी दोन बोटं दाबली. म्हणजे विकलेले दोन बैल परत आणायचे.

मी एक बोट दाबलं. त्यांनी दोन. मी पुन्हा एक. त्यांनी माझी दोन बोटं अशी पिळली की डोळ्यांत पाणी आलं. मी वर बघितलं. बायको अजून ड्रायव्हरच्या जागेवर बसून होती आणि आता पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यात कुणाला पहिल्या किमतीला हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. दोन बोटं दाबली. हात सुटला. सौदा झाला.

मग उस्तादाने फळी काढली, नळ्या सोडवल्या, जुना मास्टर बाहेर काढून परातीत ठेवला आणि त्याच्या पोटातून दट्ट्या ओढला. रबर बाहेर आलं ते बघून त्याचं पान चघळणं थांबलं. नवं रबर त्याने शेजारी ठेवलं. नवं वाटीसारखं, काठ धारदार. जुनं फुगून, मऊ पडून, तळलेल्या वड्यासारखं झालेलं.

"यात काय घातलंत तुम्ही?" त्याने मला विचारलं.

"मी काहीच घातलं नाही. दलालाने घातलं असेल. हरामखोर आहे तो."

"ब्रेकचं तेल वेगळं असतं, शेठ. त्यात एरंडेल चालतं, दुसरं तेल चालत नाही. दुसरं तेल रबर पितं आणि फुगतं. फुगलं की आधी परतीचं भोक बुजवतं, म्हणून चाकं धरून राहिली आणि तापली. मग मऊ पडून काठ गेला, म्हणून धरेना झालं."

बायको गाडीतून उतरली. परातीत सांडलेल्या तेलात तिने बोट बुडवलं, हुंगलं आणि पुन्हा हुंगलं.

"करडई हाय," ती म्हणाली.

"काय?"

"करडईचं तेल. आपल्या घान्यावरचं. न्हानपनापासनं खातेय मी, मला कळत न्हाई व्हय?" आणि तिने मान वळवून बापाकडे पाहिलं. "आबा?"

सासरे बैलाचं दावं सोडत होते. "चल रं," ते म्हणाले. "तुला पानी दावतो."

"आबा, तुमी पावन्याच्या गाडीला वंगान घातलं?"

"बैल तहानलाय."

मी उडी मारून त्यांच्या आडवा गेलो. काय काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की गंजी मोडली ती त्यांच्या तेलाने, बॉनेटवर ते बसले ते त्यांच्या तेलाने, आणि भरपाई मी देणार? सौदा रद्द, असं मी तीनदा म्हणालो. सासऱ्यांनी शांतपणे उपरणं खांद्यावर टाकलं.

"हात सुटला की सौदा झाला," ते मलाच म्हणाले, बैलाला नाही. "बाजारात मोठा झालास तू. रीत ठावं हाय तुला."

"तेल कुणी घातलं ते सांगा आधी."

"तेलाला इचार."

गावाने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला इतक्या लोकांसमोर इतक्या थोड्या शब्दांत कुणी लुटलेलं नाही.

उस्तादाला या सगळ्यात मजा वाटत होती. तो म्हणाला, नुसता मास्टर बदलून भागणार नाही, ते तेल नळ्यांतून चाकांपर्यंत गेलेलं आहे, सगळी रबरं बदलायची आणि नळ्या स्पिरिटने धुवायच्या. मी म्हणालो, आता तूही लुबाडणार. त्याने फुगलेलं रबर माझ्या हातावर ठेवलं. "हे आज मास्टरमध्ये आहे. चार दिवसांनी चाकात असेल. सासरे एकच आहेत ना? पुढच्या खेपेला बॉनेटवर कोण बसेल?"

मी रबरं बदलू दिली. भाव मात्र पाडला. सवय आहे.

कोरा मास्टर बसला, नळ्या जोडल्या, दलालाचं तेल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. ते काम दोघांचं. एकाने पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकामागची चावी सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे, चावी आवळायची, आणि मगच पाय सोडायचा. बायको पुन्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसली. उस्ताद चाकाखाली आडवा. पण तोंडात पान आणि वर गावाचा कालवा, त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. ती भलत्या वेळी पाय सोडायची आणि तो खालून अल्लाचं नाव घ्यायचा.

तेव्हा सासरे आले. कुणी बोलावलं नव्हतं. उस्तादाच्या डोक्याशी उकिडवे बसले, एकदा नीट बघून घेतलं आणि त्यांनी मोट हाकताना लावतात तसा आवाज लावला.

"दाऽऽब लेकी, दाऽऽब. धर. धर. धर. सोऽऽड."

काय आवाज होता. शेजारच्या मळ्यातले बैल उभे राहिले. "दाऽऽब लेकी, दाऽऽब." नळीच्या तोंडातून बुडबुडे फसफसत होते. दुसऱ्या चाकापर्यंत बायका त्यांच्या मागून "धर, धर" म्हणायला लागल्या. तिसऱ्या चाकाला सगळं गाव म्हणत होतं. चौथ्या चाकाला मी स्वतः ओरडत होतो, रागाने ओरडत होतो, पण तालात. बायको मधेच म्हणाली, "आबा, आता कडक झालाय, दगडावानी."

"सोडू नगंस," सासरे म्हणाले. "दगूड बी इरघळतो." आणि तिला पाय धरून ठेवायला लावून त्यांनी घरातून मागवलेल्या सगळ्या गूळ-शेंगा तिथेच बसून खाल्ल्या. पाय खाली गेला नाही.

उस्तादाने चाकातले स्क्रूही फिरवले. त्यानंतर ब्रेक एकदाच दाबावा लागायचा. म्हणजे दलाल त्याबाबतही खरं बोलला होता. असो.

शर्यतीत गाडे खालून वर पळतात. मी वरून खाली येणार होतो. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी केली. बायको शेजारी येऊन बसली.

"तू उतर," मी म्हणालो.

"मला तुमी बैलाला इचारून ठेवलं व्हतं. आता मी कुनाला इचारनार न्हाई. चला."

खाली रेषेच्या दोन्ही बाजूंनी लोक. आणि रेषेवर मधोमध सासरे, दोन्ही हात पसरून, उधळलेल्या जोडीसमोर उभे राहतात तसे. त्यांना कुणी ओढलं तरी हलेनात. मी भोंगा वाजवला. हलेनात. मी गाडी सोडली. उताराला ती काय धावली. धूळ, टोप्या, आरोळ्या, आणि शेजारी बायको हसतेय, इतकी की तिचं हसू ऐकून मलाही हसू फुटलं. हसतहसतच मी ब्रेक दाबला. एकदाच.

गाडीने मान खाली घातली आणि थांबली. सासऱ्यांचं पोट आणि बॉनेट यांच्यामध्ये एक तळहात मावला असता. त्यांनी तो ठेवलाही. बॉनेटवर, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग वळसा घालून आले, माझ्या बायकोला मागे बसायला सांगितलं आणि स्वतः पुढे बसले.

"चल," म्हणाले. "बघू तरी हिला घरी कुठं बांधतोस."

त्या दिवशी त्यांनी माझ्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. सगळ्या वाटेवर, मी ब्रेक दाबला की त्यांचाही पाय फळीवर दाबला जात होता. इंद्रायणीच्या पुलावर बायको मागून म्हणाली, "वंगान घातलं म्हंजे आबांनी गाडी घरातली मानली की. कशाला भांडताय?"

पण घरातली मानली हे तोंडाने कुणी म्हटलं? कुणीच नाही. मी ती बैलजोडी दुप्पट मिनतवारी करून परत आणली. बैल वर्षानुवर्षं माझ्या विटांच्या कोठाराशेजारी उभे राहून माझा कडबा खात राहिले. सासरे दर महिन्याला येऊन त्यांच्याशी गप्पा मारत आणि मला मोटारीतून फेरी मारून आणायला लावत. तेलाचा विषय काढला की त्यांना बैल आठवायचे.

आता त्यांचं वय झालंय. कान गेलेत म्हणतात, पण मोटार सुरू झाल्याचा आवाज मागच्या परसातून त्यांना ऐकू येतो. तेव्हा हे लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला मी बायकोला सांगितलं आहे, आणि बैल आता उरलेले नाहीत, त्यामुळे उत्तर त्यांनी थेट मलाच द्यायचं आहे.

मामा, ते तेल तुम्ही घातलंत, हे आता गाव जाणतं. त्याबद्दल मी विचारत नाही. मला एवढंच सांगा: पाहुण्याची गाडी म्हणून घातलंत, की भांडून निघालेल्याची म्हणून? दोन्ही रीती तुमच्याच घरच्या आहेत. मला कुठली लागू केलीत? येत्या जत्रेत, घाटावर, सगळ्यांसमोर सांगा. उपरणं घरी ठेवून या.